लिंकनची बायको कजाग होती की आजारी? दीडशे वर्षं झाली, वाद मिटत नाही

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत जा. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये नाहीतर जिन्याच्या भिंतीवर एक फ्रेम हमखास दिसते. अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र. वसंत बापटांनी ते मराठीत आणलं आणि पिढ्यानपिढ्या पोरांनी ते पाठ केलं.

आता खरं सांगायचं तर लिंकनने असं पत्र लिहिल्याचा पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही.

पण त्या फ्रेममुळे लिंकन आपल्याला आदर्श बाप म्हणून माहितीये. त्या मुलाच्या आईबद्दल मात्र आपल्याला काहीच माहिती नसतं. लिंकनला चार मुलं झाली. त्यातला एकच जगून मोठा झाला. आणि त्याच मुलाने पुढे आपल्या आईला कोर्टात उभं केलं आणि ती वेडी असल्याचं ज्युरीकडून ठरवून घेतलं.

त्या आईचं नाव मेरी टॉड लिंकन.

अमेरिकेत कित्येक वर्षं तिची ओळख एकच होती, लिंकनच्या डोक्याला ताप देणारी बायको. आपल्याकडे तुकोबांच्या आवलीचं जे झालं तेच. नवरा महापुरुष, म्हणजे बायको कजाग असणारच.

पण मेरीच्या आयुष्याकडे आजच्या नजरेने पाहिलं तर वेगळाच प्रश्न पडतो. ती कजाग होती की आजारी होती? आणि आजारी असेल तर अशा माणसासोबत लिंकनने साडेबावीस वर्षं संसार केला कसा?

दोन टोकाची माणसं

मेरीचा जन्म १३ डिसेंबर १८१८ चा, केंटकी राज्यातल्या लेक्झिंग्टन शहरातला. बाप बँकर आणि राजकारणी. घरात पैसा, घरात गुलाम. मुलगी फ्रेंच शिकली, नाटक शिकली, राजकारणावर पुरुषांशी वाद घालायला लागली. त्या काळात मुलींना एवढं शिक्षण मिळणं दुर्मिळ होतं.

पण ती सहा वर्षांची असताना आई गेली. पुढच्या वर्षी सावत्र आई आली आणि भावंडांची संख्या वाढत गेली. सावत्र आईशी तिचं कधी पटलं नाही.

लिंकनही मूळचा केंटकीचाच. पण त्याचा जन्म १८०९ सालचा, लाकडी ओंडक्यांच्या झोपडीतला. तो नऊ वर्षांचा असताना त्याचीही आई वारली. आयुष्यात त्याला सगळी मिळून वर्षभराची शाळासुद्धा मिळाली नाही.

१८३९ मध्ये मेरी इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफिल्डला, मोठ्या बहिणीच्या घरी राहायला आली. बहिणीचा नवरा हा माजी गव्हर्नरचा मुलगा. गावातली बडी मंडळी त्या घरी जमायची. तिथेच तिला हा उंच, हडकुळा, कपड्यांचं भान नसलेला वकील भेटला.

बहिणीला हे स्थळ पसंत नव्हतं. तरी लग्न ठरलं. आणि १८४१ च्या जानेवारीत ते मोडलं.

का मोडलं यावर आजही वाद आहेत. पण त्यानंतर काय झालं ते स्पष्ट आहे. लिंकन कोसळला. विधानसभेत जाईना, कामात लक्ष लागेना. त्याचा जिवलग मित्र जोशुआ स्पीडने पुढे सांगितलं, की लिंकन जिवाचं बरंवाईट करून घेईल या भीतीने त्याच्या खोलीतले वस्तरे आणि सुऱ्या लपवाव्या लागल्या होत्या.

म्हणजे इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या संसारात मनाने आजारी माणूस एकटी मेरी नव्हती. लिंकनला डिप्रेशनचे झटके यायचे आणि आज बहुतेक अभ्यासक ते मान्य करतात. तेव्हा त्याला मेलन्कली म्हणायचे. आपल्याकडे उदास स्वभाव म्हणतात, तसं.

दीडेक वर्षाने मित्रमंडळींनी दोघांची पुन्हा गाठ घालून दिली. ४ नोव्हेंबर १८४२ ला बहिणीच्याच घरी लग्न लागलं. घरच्यांना बातमी कळली ती लग्नाच्या दिवशीच. लिंकन ३३ वर्षांचा होता, मेरी २३ वर्षांची.

घरात नेमकं काय चालायचं?

सुरुवात झाली एका खानावळवजा लॉजच्या खोलीतून. गुलामांच्या हातचं खाऊन वाढलेली मुलगी एका खोलीत संसार करायला लागली. १८४३ मध्ये तिथेच पहिला मुलगा रॉबर्ट झाला. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःचं घर घेतलं.

याच घराबद्दलचे किस्से पुढे गावभर पसरले.

मेरीचं डोकं महिनोन्महिने ठीक असायचं. ती हसरी, बोलकी, पाहुण्यांची आवड असलेली बाई होती. मुलांवर जीव टाकायची, नवऱ्यासाठी भाषणांची कात्रणं वाचायची. आणि मग अचानक काहीतरी बिनसायचं. मोलकरणीवर ओरडणं, भाजीवाल्याशी दोन पैशांवरून भांडण, नवऱ्यावर आगपाखड. डोकेदुखीचा झटका आला की दिवसच्या दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. विजा कडाडल्या की तिची गाळण उडायची.

शेजारच्यांनी नंतर सांगितलेल्या गोष्टी तर भयंकर आहेत. एकदा ती लिंकनच्या मागे सुरी घेऊन धावली म्हणे. एकदा त्याला चुलीतलं लाकूड फेकून मारलं आणि तो दुसऱ्या दिवशी नाकाला पट्टी बांधून ऑफिसला आला म्हणे.

या गोष्टी ऐकीव आहेत. त्या गोळा केल्या लिंकनचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन याने, आणि त्याचं आणि मेरीचं अजिबात जमत नव्हतं. त्यामुळे मीठमसाला धरूनच चालावं लागतं.

पण लाकडाच्या त्या किश्शाची दुसरी बाजूही बघा. मेरी नवऱ्याला पुन्हा पुन्हा सांगत होती की शेकोटी विझतेय, लाकूड सरकव. आणि लिंकन पुस्तकात किंवा स्वतःच्या विचारात असा हरवला होता की त्याने ऐकलंच नाही.

लिंकनचं हे नेहमीचं होतं. तासन् तास शून्यात बघत बसायचा, शेजारी कोण आहे याचा पत्ता नसायचा. त्यात वर्षातले कित्येक महिने तो घरीच नसायचा. तेव्हा न्यायाधीश आणि वकील घोड्यावरून गावोगावच्या कोर्टात फिरायचे. सोबतच्या लोकांच्या आठवणींनुसार बाकीचे वकील शनिवार-रविवारी घर गाठायचे, लिंकन मात्र तिकडेच थांबायचा.

आता घरी कोण? लहान मुलं आणि एकटं राहण्याची धास्ती असलेली मेरी.

म्हणजे एक जण चिडला की आवाज चढवायचा आणि दुसरा गप्प होऊन निघून जायचा. तो जितका गप्प, तितकी ती जास्त चिडायची. ती जितकी चिडायची, तितका तो लांब जायचा. अशी घरं आपल्याही ओळखीत असतात.

लिंकनने काढलेले मार्ग

बायकोला काहीतरी होतंय हे लिंकनला कळत होतं. त्याला नाव नव्हतं, औषध नव्हतं. मग त्याने स्वतःच्या पद्धतीने मार्ग काढले.

आवाज चढला की तो पोरांना कडेवर घेऊन फिरायला निघायचा. जास्तच झालं तर रात्री ऑफिसातल्या कोचावर झोपायचा. मोलकरणी टिकत नव्हत्या, तर एकीला त्याने मेरीच्या नकळत पगाराच्या वर पैसे दिले, असं सांगितलं जातं. आणि आभाळ गडगडायला लागलं की ऑफिस सोडून घरी यायचा, कारण मेरी घाबरली असणार हे त्याला माहीत असायचं.

भांडणाचे किस्से सगळे सांगतात, हा विजांचा कोणी सांगत नाही.

आणि मेरीने काय केलं? लिंकनवर विश्वास ठेवला, तोही गावाने ठेवायच्या आधी. १८४९ मध्ये लिंकनला लांबच्या ओरेगॉन प्रांताचं गव्हर्नरपद देऊ केलं होतं. मेरीने साफ नकार दिला. तिकडे गेला तर राजकारण संपेल हे तिने ओळखलं होतं. सिनेटच्या निवडणुकीत हरून तो खचला तेव्हाही ती मागे उभी राहिली. १८६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल लागला तेव्हा लिंकन घरी येऊन पहिल्यांदा तिलाच हाका मारत सुटला. विजय त्याने दोघांचा मानला.

घरात ती त्याला मिस्टर लिंकन म्हणायची. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसंच. मुलं झाल्यावर तो तिला आई म्हणायला लागला.

पहिलं मूल गेलं, मग दुसरं

१ फेब्रुवारी १८५० ला त्यांचा दुसरा मुलगा एडी गेला. वय चार वर्षंसुद्धा पूर्ण नव्हतं. मेरीने अन्न सोडलं, तेव्हा लिंकनच तिला खाण्यासाठी विनवत होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विलीचा जन्म झाला आणि १८५३ मध्ये धाकटा टॅड झाला.

१८६१ मध्ये कुटुंब व्हाईट हाऊसमध्ये गेलं आणि देशात यादवी युद्ध पेटलं.

मेरीची परिस्थिती विचित्र होती. माहेर दक्षिणेकडचं, गुलाम बाळगणारं. तिचे सावत्र भाऊ नवऱ्याविरुद्ध लढत होते. त्यातले दोघे १८६२ मध्ये मेले. तिने जाहीरपणे रडायचीसुद्धा सोय नव्हती. उत्तरेत तिला दक्षिणेची हेर म्हणायचे, दक्षिणेत गद्दार म्हणायचे.

त्यातच तिच्या खर्चाला धरबंध राहिला नाही. व्हाईट हाऊसच्या डागडुजीसाठी चार वर्षांकरता २० हजार डॉलर मंजूर होते. तिने ते वर्षभरातच संपवले आणि वर जवळपास ७ हजारांचं बिल केलं. सैनिकांना पांघरूण मिळत नाही आणि इथे पडदे-गालिचे चाललेत, यावरून लिंकन भडकला.

नंतर कपड्यांची उधारी वाढत गेली. १८६४ च्या निवडणुकीच्या वेळी ती २७ हजार डॉलरवर गेली होती, असं तिची शिवणकाम करणारी मैत्रीण एलिझाबेथ केकली हिने लिहून ठेवलंय. राष्ट्राध्यक्षाचा वर्षाचा पगार होता २५ हजार. लिंकनला या उधारीचा पत्ता नव्हता. तो हरला तर दुकानदार दारात येतील, या भीतीने मेरीची झोप उडाली होती.

बेफाम खरेदी, मग त्याची लपवाछपवी, मग भीती. मूड डिसऑर्डरबद्दल वाचलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. पण तेव्हा लोकांनी त्याला उधळपट्टी एवढंच नाव दिलं. त्याच काळात ती गाजावाजा न करता सैनिकांच्या दवाखान्यात जायची, जखमींजवळ बसायची. त्याच्या बातम्या फारशा झाल्या नाहीत.

२० फेब्रुवारी १८६२. विली टायफॉईडने गेला. वय ११.

मेरी अंथरुणाला खिळली. अंत्यसंस्कारालाही ती जाऊ शकली नाही. विली ज्या खोलीत गेला, तिथे तिने पुन्हा पाऊल ठेवलं नाही. केकली तिची सेवा करत होती. ही केकली स्वतः गुलामगिरीत जन्मलेली, शिवणकामाच्या जोरावर स्वतःची सुटका विकत घेतलेली बाई. तिचा एकुलता एक मुलगा काही महिन्यांपूर्वीच युद्धात मारला गेला होता.

याच केकलीने एक प्रसंग लिहिलाय. मेरी शोक आवरेना तेव्हा एक दिवस लिंकनने तिला हळूच हाताला धरून खिडकीपाशी नेलं. लांब दिसणाऱ्या वेड्यांच्या इस्पितळाकडे बोट दाखवलं. आणि समजावलं की दुःख आवर, नाहीतर तुला तिथे पाठवायची वेळ येईल.

आज हे वाचताना लिंकनचा रागच येतो. पण त्याच्यापुढे तेव्हा दोनच पर्याय होते, एकतर घर नाहीतर ते इस्पितळ. मधलं काही नव्हतं. समुपदेशन नव्हतं, गोळ्या नव्हत्या, आजाराला धड नावही नव्हतं.

लिंकन स्वतःसुद्धा गोळ्या घ्यायचा. ब्ल्यू मास नावाच्या. त्यात चक्क पारा असायचा. त्याने आपली चिडचिड वाढतेय असं वाटून त्याने राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्या बंद केल्या.

मेरीने मग मृतात्म्यांशी बोलणाऱ्यांचा आधार घेतला. व्हाईट हाऊसमध्ये तशा बैठका झाल्या. विली रात्री भेटायला येतो, असं ती सांगायची. युद्धात लाखो घरांतली मुलं गेली होती, त्यामुळे असा आधार शोधणारी ती एकटी नव्हती.

२ जुलै १८६३ ला तिच्या घोडागाडीला अपघात झाला आणि तिच्या डोक्याला मार लागला. जखम चिघळली. तिकडे गेटिसबर्गची लढाई पेटलेली होती, त्यामुळे लिंकनचं लक्ष घरापेक्षा युद्धावर होतं. यानंतर मेरी पूर्वीसारखी राहिली नाही, असं जवळच्यांना वाटायचं.

चारचौघांत झालेला तमाशा

मार्च १८६५. युद्ध संपत आलं होतं. लिंकन आणि मेरी सैन्याच्या छावणीवर गेले. मेरीची गाडी चिखलात अडकली आणि तिला पोचायला उशीर झाला. आल्यावर बघते तर जनरल ऑर्डची बायको लिंकनच्या शेजारून घोड्यावर चाललेली.

मेरीचा तोल गेला. तिने सगळ्या अधिकाऱ्यांसमोर त्या बाईला नाही नाही ते सुनावलं. मध्ये पडलेल्या जनरल ग्रँटच्या बायकोलाही सोडलं नाही. रात्री जेवणाच्या टेबलावर नवऱ्याला धारेवर धरलं.

तिथे असलेल्या एका अधिकाऱ्याच्या आठवणींनुसार लिंकनने आवाज चढवला नाही. तो शांतपणे, दुखावल्या चेहऱ्याने तिला समजावत राहिला आणि शेवटी उठून बाजूला गेला.

तीनच आठवड्यांनी लिंकन दाम्पत्याने ग्रँट दाम्पत्याला नाटकाला यायचं आमंत्रण दिलं. ग्रँट गेले नाहीत. ग्रँटच्या बायकोला मेरीसोबत बसायचं नव्हतं, हे त्यामागचं एक कारण सांगितलं जातं.

ते नाटक होतं १४ एप्रिल १८६५ चं. फोर्ड्स थिएटर.

त्या दुपारी नवराबायको घोडागाडीतून फिरायला गेले होते. लिंकन खुशीत होता. मेरीने नंतर सांगितलं, की युद्ध आणि विलीचं जाणं यामुळे आपण दोघं फार दुःखी झालोय, आता जरा आनंदात राहायला हवं, असं तो म्हणत होता.

रात्री तिच्या शेजारी बसलेला असतानाच त्याला गोळी लागली. समोरच्या घरात तो शेवटचे श्वास घेत होता, तेव्हा मेरीचा आक्रोश सहन न होऊन मंत्र्याने तिला खोलीबाहेर न्यायला सांगितलं. सकाळी लिंकन गेला तेव्हा ती त्याच्याजवळ नव्हती.

नवरा गेला, बदनामी राहिली

इथून पुढे मेरीची बाजू घेणारं कुणी उरलं नाही.

१८६६ मध्ये हर्नडनने भाषण करून जगाला सांगितलं, की लिंकनचं खरं प्रेम तरुणपणी वारलेल्या ॲन रटलेज नावाच्या मुलीवर होतं, बायकोवर नव्हतंच. विधवा होऊन दीड वर्ष झालेल्या बाईला हे पेपरातून कळलं.

पैशाची भीती वाढत गेली. लिंकनने मृत्युपत्र केलं नव्हतं, त्यामुळे इस्टेटीची वाटणी लांबली. १८६७ मध्ये मेरी खोट्या नावाने न्यूयॉर्कला गेली आणि स्वतःचे जुने कपडे विकायला काढले. पेपरवाल्यांनी तिची यथेच्छ टिंगल केली. वाटणीत पुढे तिला जवळपास ३६ हजार डॉलर मिळाले, तरी आपण भिकेला लागणार ही भीती गेली नाही.

टॅडला घेऊन ती जर्मनीला गेली. १८७१ मध्ये परत आली आणि दोन महिन्यांत टॅडही गेला. वय १८.

चार मुलांतली तीन गेली आणि नवरा डोळ्यांसमोर गेला. उरला एकटा रॉबर्ट.

आई विरुद्ध मुलगा

मार्च १८७५ मध्ये मेरी फ्लोरिडात होती. अचानक तिला वाटलं की रॉबर्ट मरणाच्या दारात आहे. तिने तारांवर तारा केल्या आणि शिकागो गाठलं. रॉबर्ट ठणठणीत होता.

मग तिला वाटायला लागलं की कोणीतरी आपल्यावर विषप्रयोग करतंय. भिंतीतून आवाज येतात. शहराला आग लागणार आहे. स्वतःचं घर नसताना ती पडद्यांची खरेदी करत होती, घड्याळं घेत होती. आणि ५० हजार डॉलरहून जास्त किमतीचे रोखे परकराच्या आत शिवून फिरत होती.

रॉबर्ट तेव्हा वकिली करत होता. त्याने डॉक्टरांचा सल्ला घेतला आणि कोर्टात अर्ज केला.

आता इथे इलिनॉयचा कायदा समजून घ्यायला हवा. आधी तिथे नवऱ्याने सांगितलं की बायको वेडी, की तिला सुनावणीशिवाय इस्पितळात टाकता यायचं. १८६० मध्ये एलिझाबेथ पॅकार्ड नावाच्या बाईला तिच्या पाद्री नवऱ्याने असंच आत टाकलं. कारण काय तर धर्माबद्दलची तिची मतं त्याच्यापेक्षा वेगळी होती. तीन वर्षांनी बाहेर आल्यावर ती लढली आणि १८६७ मध्ये कायदा झाला की कुणालाही वेडं ठरवायचं तर ज्युरीसमोर उघड सुनावणी हवी.

बायकांना वाचवायला आलेल्या या कायद्यामुळेच मेरीची सुनावणी भर कोर्टात, पेपरवाल्यांसमोर झाली.

१९ मे १८७५. मेरी हॉटेलच्या खोलीत होती. दारावर माणसं आली आणि लगेच कोर्टात चला म्हणाली. तिला आधी काही कल्पनाच नव्हती. तिचा वकीलसुद्धा समोरच्यांनीच निवडलेला. १७ साक्षीदार झाले. हॉटेलचे नोकर, दुकानदार, डॉक्टर. त्यातल्या काही डॉक्टरांनी तिला तपासलंही नव्हतं, रॉबर्टने सांगितलं त्यावरून मत दिलं. रॉबर्ट साक्ष देताना रडला. तिच्या वकिलाने एकही साक्षीदार आणला नाही.

तीन तासांत सुनावणी संपली. बारा पुरुषांच्या ज्युरीने दहा मिनिटांत निकाल दिला. वेडी.

दुसऱ्या दिवशी तिने अफूचा अर्क घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला, असं सांगितलं जातं. औषधवाल्याला संशय आला आणि त्याने साधंच पाणीदार मिश्रण दिलं म्हणून ती वाचली.

तिला बटाव्हिया गावातल्या खासगी इस्पितळात ठेवलं. तिथून तिने पत्रं पाठवली ती मायरा ब्रॅडवेलला. ही बाई वकिलीची परीक्षा पास झालेली, पण बाई आहे म्हणून सनद नाकारलेली. ती आणि तिचा नवरा मेरीसाठी पेपरातून लढले. चार महिन्यांच्या आत मेरी सुटून स्प्रिंगफिल्डला बहिणीकडे गेली.

जून १८७६ मध्ये दुसऱ्या ज्युरीने ती आता शहाणी असल्याचं सांगितलं आणि तिचा पैसा तिला परत मिळाला. तिने रॉबर्टशी संबंध तोडले आणि फ्रान्समधल्या पो गावी एकटी जाऊन राहिली. १८८० मध्ये थकून परत आली. १६ जुलै १८८२ ला, जिथे लग्न लागलं होतं त्याच बहिणीच्या घरात ती वारली. वय ६३.

मग तिला नेमकं झालं काय होतं?

मेरीच्या मृत्यूनंतर १७ वर्षांनी, १८९९ मध्ये जर्मन डॉक्टर एमिल क्रेपलिनने अतिउत्साह आणि अतिउदासी यांच्या फेऱ्यांना एकाच आजाराच्या नावाखाली आणलं. आज आपण त्याला बायपोलर डिसऑर्डर म्हणतो. त्यावर लिथियमचा गुण येतो हे १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केडने दाखवलं.

२००५ च्या सुमारास अभ्यासक जेसन इमर्सनला रॉबर्टच्या वकिलाच्या कुटुंबाकडे एक जुनी ट्रंक मिळाली. त्यात मेरीची हरवलेली पत्रं होती. त्यावरून लिहिलेल्या पुस्तकात त्याने मेरीला बायपोलर असावा अशी मांडणी केली. त्याआधी १९८७ मध्ये चरित्रकार जीन बेकरने उलट बाजू मांडली होती. तिच्या मते मेरी वेडी नव्हती, दुःखाने पिचलेली आणि पुरुषांच्या कायद्यात सापडलेली बाई होती. २०१६ मध्ये डॉक्टर जॉन सोटोस यांनी सांगितलं की बी १२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतून होणारा ॲनिमिया हेच मूळ कारण असेल. कोणी डोक्याच्या दुखापतीकडे बोट दाखवतं, कोणी झोपेच्या औषधांकडे.

मेलेल्या माणसाची तपासणी होत नाही, त्यामुळे पक्कं उत्तर मिळणार नाही.

पण या वादात एक चूक पहिल्यापासून होत आलीये. आजारी असेल तर रॉबर्ट बरोबर, नसेल तर मेरी बरोबर, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात मेरी आजारीही असू शकते आणि तिच्यावर अन्यायही झालेला असू शकतो. रॉबर्टला आईची खरी काळजीही असू शकते आणि त्याने निवडलेली वाट क्रूरही असू शकते.

लिंकनचंही तसंच. त्याने सोसलं, सांभाळलं, कधी पळून गेला, कधी बोलायला हवं तिथे गप्प बसला. घरात हा विषय कधी उघड झाला नाही. गाव मात्र बोलत राहिलं आणि गावाने सोपं नाव शोधलं, वाईट बायको.

हे नाव आजही सोपं पडतं. तापट आहे, उधळी आहे, स्वभावच तसा, लग्न झाल्यावर सुधारेल, मूल झाल्यावर सुधारेल. कित्येक घरात आजार असा स्वभाव म्हणून वर्षानुवर्षं खपतो. आणि सोबतचा माणूस आतल्या आत संपत जातो, त्याची चौकशी कोणी करत नाही.

फरक एवढाच की लिंकनच्या खिडकीतून फक्त वेड्यांचं इस्पितळ दिसत होतं. आज मधले बरेच रस्ते आहेत. निदान घरबसल्या गुगलवर करायचं नसतं, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ असतात. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालते. आजारी माणसाला सांभाळून थकलेला घरचा माणूसही तिथे फोन करू शकतो.

स्प्रिंगफिल्डच्या ओक रिज स्मशानभूमीत लिंकनची समाधी आहे. दरवर्षी हजारो लोक तिथे जातात. त्याच वास्तूत मेरी आहे, एडी आहे, विली आहे, टॅड आहे.

रॉबर्ट तेवढा तिथे नाही. तो शेकडो मैल लांब, आर्लिंग्टनच्या स्मशानभूमीत आहे.